मातीच्या भिंतीला धरून ठेवणारं पाणी

मातीची भिंत वाळली की कडक होते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती पूर्ण कोरडी कधीच होत नाही, आणि तिच्या ताकदीचं एक मोठं कारण त्या उरलेल्या ओलाव्यातच आहे.

समुद्रकिनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला आठवा. वाळू ओलसर असेपर्यंत तो उभा राहतो. दोन कणांच्या बेचक्यात अडकलेलं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढत असतं. मातीच्या भिंतीतही हीच ओढ असते, पण कितीतरी पटींनी जोरदार. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात आणि फटी जितक्या अरुंद तितकी पाण्याची पकड घट्ट. शिवाय हे कण पापुद्र्यांसारखे चपटे असल्यामुळे एकमेकांना चिकटून बसतात. आत पाणी वाढलं की मात्र ही ओढ संपते आणि भिंत विरघळते. मातीच्या बांधकामातली जवळजवळ सगळी हुशारी या एका गोष्टीभोवती फिरते: दगडी जोतं, भिंतीबाहेर आलेलं रुंद छप्पर, वरचा गिलावा.

निव्वळ चिकणमातीने घर होत नाही. ती वाळताना आकसते आणि भेगाळते. भार पेलतात ते वाळू आणि खडी. चिकणमाती फक्त त्यांना बांधून ठेवते. चिकणमातीच्याही जाती आहेत. केओलिनाइट शांत असतं, तर माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की फाटतं. आपल्या मातीत काय आहे याचा अंदाज साध्या काचेच्या बरणीत येतो. माती पाण्यात ढवळून ठेवायची. वाळू लगेच तळाशी बसते, मग गाळ आणि सगळ्यात शेवटी, कधी कधी दुसऱ्या दिवशी, चिकणमाती. पेंढा किंवा भुसा मिसळला तरी आकसणं थांबत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या अनेक बारीक भेगा पडतात, आणि त्या धोक्याच्या नसतात.

मातीचं घर दुपारी गार लागतं म्हणून माती उष्णतारोधक आहे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. ठासलेल्या मातीतून उष्णता बऱ्यापैकी वाहते. पण भिंत जाड आणि वजनदार असल्यामुळे दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तिथे हे उत्तम चालतं. आठवडेच्या आठवडे कडाका असेल तिथे पेंढ्याचे गठ्ठे, किंवा पातळ चिखलात घोळवलेला पेंढा भिंतीत भरावा लागतो. त्यात अडकलेली हवाच थंडी अडवते.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा. वरून तो मजबूत दिसतो. पण भेगेतून किंवा जमिनीतून आत शिरलेलं पाणी त्याच्यामागे कोंडतं आणि भिंत आतून मऊ पडत जाते. माती किंवा चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर जाऊ देतो. येमेनमधल्या शिबाम शहरात कच्च्या विटांच्या सात मजल्यांपर्यंतच्या इमारती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा १६व्या शतकातल्या. त्या टिकल्या, कारण लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा गिलावा नव्याने करत आले. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. कच्च्या मातीला भट्टी लागत नाही, आणि पडलेली भिंत भिजवून तिचीच माती पुन्हा वापरता येते.

मातीची खरी कमजोरी भूकंपात दिसते. ती दाब सोसते, ताण नाही. २००३ साली इराणमधल्या बाम शहरात कच्च्या विटांची असंख्य घरं कोसळली आणि हजारो माणसं दगावली. भूकंपाच्या प्रदेशात जाड, नुसत्या मातीच्या भिंतींपेक्षा लाकडाचा सांगाडा किंवा बांबूचा कुड (विणलेली भिंत) उभारून त्यावर माती लिंपणं कितीतरी सुरक्षित. असा कुड हलका असतो आणि हादऱ्याबरोबर वाकतो. बांबू मात्र आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा लागतो, नाहीतर त्यातल्या पिष्टासाठी भुंगे तो आतून पोखरून टाकतात.