मानवी हक्क शाळेपर्यंत कसे आले

शाळेत मानवी हक्क शिकवण्याची कल्पना तशी नवी नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच बैठकीत, सहसा कुणी आठवत नाही असा आणखी एक ठराव झाला: हा मजकूर सर्वत्र पोहोचवावा आणि मुख्यतः शाळा व इतर शिक्षणसंस्थांमध्ये तो लावावा, वाचावा, समजावून सांगावा.

जाहीरनाम्याच्या २६व्या कलमाची कथा याहून बोलकी आहे. सुरुवातीच्या मसुद्यात भर होता तो शिक्षण मिळण्याच्या हक्कावर. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे असावे, पुढचे दरवाजे गुणवत्तेनुसार सर्वांना खुले असावेत. पण ते शिक्षण कशासाठी? वर्ल्ड ज्यूइश काँग्रेस या संघटनेने नेमके इथे बोट ठेवले. नाझी जर्मनीत शाळांची कमतरता नव्हती. शाळा उत्तम चालत होत्या, मुले नियमित जात होती आणि वंशद्वेषाचे धडे तिथेच गिरवत होती. म्हणजे निव्वळ शाळा उघडून भागणारे नव्हते. या युक्तिवादानंतर कलमात शिक्षणाचा हेतूही आला: व्यक्तिमत्त्वाचा पूर्ण विकास आणि मानवी हक्कांबद्दलचा आदर दृढ करणे. पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ या एका परिच्छेदात आहे, असे मला वाटते.

खटाटोप मात्र फार सावकाश झाला. १९५३मध्ये युनेस्कोने १५ देशांतल्या ३३ शाळा घेऊन एक प्रयोग सुरू केला. इतर देशांची ओळख आणि मानवी हक्क हे त्यातले विषय होते. शाळांचे ते जाळे आजही चालू आहे. बाकी जगात शीतयुद्धाचा काळ होता. एका गटाला भाषणस्वातंत्र्य आणि मतदान आधी हवे होते, दुसऱ्याला काम आणि अन्न. हक्कांचे एकच बंधनकारक करारपत्र होईना, म्हणून १९६६मध्ये दोन वेगळे करार झाले. शिक्षणाच्या हेतूचे वाक्य त्यांपैकी आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात गेले आणि करार मान्य करणाऱ्या देशांवर ते बंधनकारक ठरले. १९७४ची युनेस्कोची शिफारस याच ओढाताणीतून निघाली. आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य, शांतता, मानवी हक्क, मूलभूत स्वातंत्र्ये असे सगळे तिच्या नावातच कोंबलेले आहे. कुणालाच नाराज करायचे नसले की असे होते.

अडचण निव्वळ राजकीय गटबाजीची नव्हती. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी सरकार ठरवते आणि मानवी हक्क प्रामुख्याने सरकारच्या सत्तेवर मर्यादा घालतात. स्वतःला जाब कसा विचारावा हे मुलांना शिकवायला फारसे कुणी उत्सुक नसते. त्यामुळे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कर्तव्यांची प्रकरणे ऐसपैस राहिली आणि हक्क यादीपुरते उरले.

खरे वळण आले ऐंशीच्या दशकात. १९८५मध्ये युरोप परिषदेने (मानवी हक्क आणि लोकशाहीसाठीची युरोपीय देशांची संघटना) शाळांमधील मानवी हक्क शिक्षणाबद्दल सदस्य देशांना शिफारस केली. लोकशाही शिकायची तर शाळेचे वातावरणही लोकशाहीचे हवे, हे त्यात स्पष्ट होते. मग २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांत बालहक्क करार मंजूर झाला. तोवर मूल हे हक्कांविषयी शिकणारे होते, आता ते स्वतः हक्कदार ठरले. २९वे कलम शिक्षणाचा हेतू सांगते आणि ४२वे म्हणते की या कराराची माहिती मोठ्यांइतकीच मुलांनाही द्यावी. पण शाळांना अवघड गेले ते २८वे: शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी. हातात छडी घेऊन मानवी हक्कांचा धडा घेणाऱ्याची यात पंचाईत होते. १२वे कलम त्याहून पुढे जाते. मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचे मत ऐकून घ्यायला सांगते.

१९९३मध्ये व्हिएन्नात भरलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक परिषदेत या शिक्षणावर भर दिला गेला आणि १९९५ ते २००४ हे त्यासाठीचे दशक म्हणून जाहीर झाले. दशके जाहीर होतात आणि संपतात. या दशकाचा उपयोग एवढाच की त्यानंतर, २००५मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क शिक्षणाचा टप्प्याटप्प्याचा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. पहिला टप्पा प्राथमिक व माध्यमिक शाळांचा होता. धोरण, त्याची अंमलबजावणी, अध्यापन, शाळेतले वातावरण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण या पाचही अंगांचा त्यात विचार होता. शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्यातला कळीचा भाग, कारण स्वतः कधी हा विषय न शिकलेल्या माणसाने तो शिकवायचा असतो.

१९ डिसेंबर २०११ रोजी आमसभेने मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणाचा स्वतंत्र जाहीरनामा स्वीकारला. हक्कांची माहिती द्यावी, ती देताना शिकणारा आणि शिकवणारा दोघांचेही हक्क पाळावेत आणि हक्क बजावण्याचे बळ द्यावे, अशी तीन अंगे त्यात मांडली आहेत. युनेस्कोच्या १९७४च्या शिफारशीची जागा २०२३मध्ये नव्या शिफारशीने घेतली. जागतिक कार्यक्रमाचा २०२५ ते २०२९ हा पाचवा टप्पा सध्या चालू आहे आणि त्यात तरुणांबरोबर मुलांवरही भर आहे.