फ्रान्सच्या वसाहती सैनिकांचा गणवेश: आकाशी, खाकी आणि शेवटी उतरवलेला

1914च्या ऑगस्टमध्ये अल्जीरियाचे तिरायर, म्हणजे फ्रेंच सैन्यातले स्थानिक बंदूकधारी, बेल्जियममध्ये शार्लरवाच्या लढाईत उतरले, तेव्हा त्यांच्या अंगात आकाशी रंगाचे, पिवळ्या फितीचे आखूड जाकीट होते. खाली घोळदार सुरवार, कमरेला रुंद लाल पट्टा, डोक्यावर शेशिया ही लाल लोकरी टोपी. 1830नंतर उत्तर आफ्रिका जिंकताना फ्रेंचांनी तिथल्याच पेहरावावरून हा गणवेश घडवला होता. संचलनात तो उठून दिसे. मशीनगनपुढेही तो तसाच उठून दिसला.

हा दोष फक्त वसाहतींच्या पलटणींचा नव्हता, खुद्द फ्रेंच पायदळही लाल विजारीतच लढायला गेले. नव्या कापडाचा कायदा 9 जुलै 1914 रोजी झाला आणि महिना उलटायच्या आत युद्ध पेटले. ठरल्याप्रमाणे त्या कापडात निळा, पांढरा आणि लाल असे तीन रंगांचे धागे विणायचे होते. पण लाल रंग यायचा जर्मनीहून! तो धागा गळला आणि उरला तो फिकट ‘क्षितिज निळा’.

वसाहती आणि उत्तर आफ्रिकी पलटणींना मात्र 1915पासून मोहरीच्या छटेची खाकी मिळाली. उष्ण प्रदेशांतल्या मोहिमांत हा रंग आधीपासून वापरात होता. ‘खाकी’ हा शब्द आपल्याकडून गेला, हे इथे सांगायलाच हवे. ‘खाक’ म्हणजे धूळ. 1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीपासून तो लष्करात रूढ झाला. लाल शेशियावर खाकी खोळ चढली, मग त्याच वर्षी एड्रियन पोलादी शिरस्त्राण आले. त्यावर उत्तर आफ्रिकी तिरायरांसाठी चंद्रकोर होती आणि वसाहती पायदळासाठी जहाजाचा नांगर. रंग मातकट झाला तरी कोण कुठला ही खूण कपाळावर राहिलीच.

सेनेगली तिरायरांची तुकडी 1857ची. नाव सेनेगलचे असले तरी माणसे साऱ्या पश्चिम आफ्रिकेतली. थंडीने त्यांचे फार हाल होत, म्हणून हिवाळ्यात त्यांना आघाडीवरून काढून दक्षिणेला फ्रेज्यूसच्या छावण्यांत हलवत. पहिल्या महायुद्धात त्यांचे सुमारे 30 हजार जवान मेले.

दुसऱ्या महायुद्धात, 1943पासून, उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच फौजेला अमेरिकी कपडे आणि शस्त्रे मिळाली. मोरोक्कोच्या डोंगराळ भागातल्या गूमिए सैनिकांनी मात्र आपला जाड लोकरीचा पट्ट्यापट्ट्यांचा जेल्लाबा सोडला नाही. 1944 साली इटलीच्या डोंगरांत ते तो झगा आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून लढले. थंडीचे कापड कसे असावे हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षीच्या शरदात जे घडले ते वाचताना मला अजून राग येतो. दक्षिण फ्रान्समध्ये उतरून तुलाँ मुक्त करणारे आफ्रिकी सैनिक हजारोंनी आघाडीवरून हटवले गेले आणि त्यांच्या जागी फ्रेंच प्रतिकार दलांतले तरुण आले. या बदलाला ‘ब्लांशिमाँ’, म्हणजे पांढरे करणे, असेच नाव पडले. कारण हिवाळ्याचे सांगितले गेले. नव्या भरतीला पुरेल इतका गणवेश तर फ्रान्सकडे नव्हताच. कित्येक ठिकाणी आफ्रिकी जवानांनी आपली बंदूक, शिरस्त्राण आणि जाड ओव्हरकोट जागच्या जागी उतरवून त्यांच्या हाती दिले.