आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल: वजन नेमकं कुठे घालायचं?

आइस्क्रीमची काडी दोन्ही टोकांना धरून ओढा, हाताने तुटणार नाही. तीच काडी टेबलावर उभी धरून वरून तळव्याने दाबा. पाचेक किलोच्या जोरालाच ती धनुष्यासारखी फुगते. लाकूड तेच, पण ताण आणि दाब यांत एवढं अंतर आहे. काड्यांच्या पुलाच्या स्पर्धांत बहुधा पेललेल्या भाराला पुलाच्या वजनाने भागून गुण काढतात, आणि पूल हरतात ते बरेचदा याच अंतराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

६० सेंमी अंतर आणि खालून मधोमध टांगलेला ५० किलो भार, असं उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंना एकेक वॉरन कैची, म्हणजे ओळीने मांडलेले त्रिकोण. ही रचना ब्रिटनमध्ये १८४८ साली पेटंट झाली. प्रत्येक त्रिकोणाचा पाया १० सेंमी. उंची जितकी जास्त तितका वरच्या-खालच्या पट्ट्यांवरचा जोर कमी, म्हणून १२ सेंमी उंचीचा मोह होतो. पण मग तिरपी काडी १३ सेंमी लागते, आणि बाजारातली काडी असते सुमारे ११.४ सेंमी. जोड द्यावा लागला की तिथेच दुबळेपणा आला. ८ सेंमी उंची ठेवली तर तिरपं अंतर ९.४ भरतं आणि दोन्ही टोकांना चिकटवायला एकेक सेंमी उरतो.

आता प्रत्येक कैचीच्या वरच्या पट्टीत मधे सुमारे ४७ किलो दाब येतो आणि तिरप्या काड्यांत सुमारे १५ किलो. टेकूपासून निघणारी पहिली तिरपी काडी दाबाखाली, दुसरी ताणाखाली, असं मध्यापर्यंत आलटून-पालटून चालतं. ताणाखालची काडी एकेरी पुरते. दाबाखालची एकेरी काडी मात्र सात-आठ किलोलाच वाकते.

१८व्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी मांडलेलं सूत्र इथे कामी येतं. लांबी निम्मी केली की वाकण्यापूर्वी पेलणारा दाब चौपट होतो, जाडी दुप्पट केली की आठपट. म्हणून दोन काड्या पाठीला पाठ चिकटवल्या तर आठपट भार. त्याच दोन काड्यांमध्ये एका काडीएवढी, म्हणजे २ मिमीची फट ठेवली तर सुमारे २६ पट! वजन वाढतं ते फटीतल्या छोट्या तुकड्यांचं. हे तुकडे कमी पडले तर दोन काड्या सुट्या होऊन एकेक वाकतात. १९०७ साली कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ कामगार दगावले. तिथेही दाबाखालच्या भागाचे पत्रे एकत्र धरणारी जाळी अपुरी पडली होती.

म्हणून वरची आणि खालची पट्टी दुहेरी, मधे फट ठेवून करा. ताणाची तिरपी काडी त्या फटीत घाला, दाबाची जोडी पट्टीच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना लावा आणि जोडीच्या मध्यावर तीन काड्यांच्या जाडीचा ठोकळा बसवा. सगळं मध्यरेषेभोवती सारखं राहतं, कैची पिळत नाही. पट्टीतल्या काड्यांची गोल टोकं कापून १० सेंमीचे चौकोनी तुकडे करा. गोल टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत. विटांच्या सांधमोडीसारखे दोन थरांचे जोड मागे-पुढे ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली फटीत ४ सेंमीचा तुकडा द्या.

काड्या निवडताना काचेवर ठेवून पाहा. डुलणारी, वाकडी काडी दाबाला नको, ती आडव्या बांधणीला वापरा. कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून वर पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि दोन्ही कैच्या त्याच चित्रावर जुळवा. फेविकॉल पातळ थरात, दोन्ही पृष्ठांना. कपड्यांच्या चिमट्यांनी अर्धा तास दाबून ठेवा, भार लावण्याआधी किमान २४ तास वाळू द्या. जाड थर आतून ओला राहतो आणि वजनही वाढवतो.

कैच्या जोडताना वरच्या बाजूला फुलीची बांधणी विसरू नका. ती नसली की वरची पट्टी खाली न दबता आडवी कलंडते, आणि मग वरचं सगळं गणित वाया जातं. असा पूल साधारण ११५ काड्यांत, गोंद सोडून १७० ग्रॅमच्या आसपास होतो.

पहिला नमुना मुद्दाम तोडा, वाळूची बादली टांगून, हळूहळू वाळू ओतत. मग तुटलेली जागा जवळून बघा. काडी फाटून ढलपे निघाले असतील तर तिथे लाकूड कमी पडलं. चिकटवलेला भाग गुळगुळीत सुटला असेल तर गोंद कच्चा होता. आणि वरची पट्टी बाजूला वाकून मोडली असेल तर पुढच्या पुलात फुल्या आणि फटीतले तुकडे वाढवा.