मशीनवर धार लावण्याचे तोटे

बेंच ग्राइंडर, अँगल ग्राइंडर किंवा बेल्टवर सुरी, सत्तूर, विळी, कोयता घासून काढलेली धार म्हणजे मशीनची धार. कोल्हापुरात ही सहज मिळते, उद्यमनगरात वर्कशॉप म्हटलं की ग्राइंडर आलाच, आणि काम दोन मिनिटांत होतं म्हणून लोक चांगली सुरीसुद्धा बिनधास्त देतात.

खरं नुकसान तापण्यानं होतं. बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २८०० फेरे मारतो, दगड ६ इंची धरला तर तो पात्यावर सेकंदाला जवळपास २२ मीटर वेगानं घासतो, आणि धारेचा काठ इतका पातळ की उष्णता मागं पसरायला जागाच नसते. सुरीच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लालभडक तापवून एकदम गार करून कडक केल्यावर, ते बऱ्याचदा १५० ते २५० अंश सेल्सिअसला परत तापवून ठिसूळपणा कमी केलेला असतो, काठ त्याच्या वर तापला की पाणी उतरलं, कडकपणा गेला. साधं पोलाद आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळं आणि ३०० च्या आसपास निळं पडतं. स्टेनलेस हे रंग आणखी जास्त तापल्यावर दाखवतं, म्हणजे रंग दिसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं! निळं पडल्यावर पाण्यात बुडवून काही उपयोग नाही, ते नुसतं गार होतं. रंग घासून गेला तरी खालचं पोलाद मऊ राहू शकतं, तेवढा भाग पूर्ण काढावा लागतो नाहीतर लोहाराकडून परत पाणी द्यावं लागतं. पहिल्या दिवशी कागद सरसर कापणारी सुरी चार दिवसांत बोथट होते ती बऱ्याचदा यामुळंच, आणि दोष मात्र सुरीच्या कंपनीला जातो.

दुसरं म्हणजे पातं झिजतं. हात एका जागी जरा थांबला की मुठीजवळ खळगा पडतो, मग कांदा चिरताना तिथं पातं पाटाला टेकत नाही आणि फोडी एकमेकींना चिकटून राहतात. टोकही गोल होतं.

ग्राइंडरचा दगड बहुतेक वेळा ३६ किंवा ६० नंबरचा, खरखरीत. काठावर बर, म्हणजे वळलेल्या धातूची बारीक कड, राहते, ती बारीक दगडावर काढली नाही तर धार नुसती तीक्ष्ण वाटते, टिकत नाही. चप्पल कारागिराच्या रापीला तर अशी धार चालतच नाही, चामडं पातळ सोलताना ती अडकते. ठिणग्या आणि धूळ वेगळीच, चष्म्याशिवाय उभं राहूच नये, तडा गेलेला दगड फिरताना फुटतो.

घरच्या इलेक्ट्रिक शार्पनरमध्ये खाचेचा कोन ठरलेला असतो, पातळ सुरी आणि जाड सुरी दोन्हीला तोच, आणि मुठीलगतचा भाग तसाच राहतो.

ऊस तोडायच्या कोयत्याला खांडं पडली असतील तर मात्र मशीन लावावंच, हातानं तेवढं पोलाद काढायला दिवस जाईल. फक्त हलका हात ठेवून, दर घासणीनंतर पाण्यात बुडवत, पात्याला उघडं बोट लावून बघायचं, चटका बसायच्या आत थांबायचं, आणि शेवटची धार कुरुंदाच्या दगडावर हातानंच काढायची.