भल्या मालकाचा धोका: ग्रेटना ते ब्लॅकबर्न

एप्रिल २००८. स्कॉटलंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधला सामना, मदरवेलचं फर पार्क मैदान. खुर्च्या तेरा हजारांहून जास्त आणि प्रेक्षक ४३१. त्या लीगच्या इतिहासातली ही सर्वांत कमी गर्दी. यजमान संघ ग्रेटना, पण यजमान फक्त कागदोपत्री, कारण त्यांचं गाव तिथून शंभरेक किलोमीटर दूर. दोनच वर्षांपूर्वी याच संघाने स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना पेनल्टीपर्यंत नेला होता. या सामन्यानंतर चार-पाच महिन्यांत क्लब उरलाच नाही.

खालच्या श्रेणीतल्या क्लबांत धनिकांनी पैसा ओतण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच लबाड मालकांवर येतं. लबाड मालक आहेतच आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. पण ग्रेटनाचा मालक लबाड नव्हता, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

ग्रेटना हे इंग्लंडच्या सीमेला टेकलेलं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. शेजारचं ग्रेटना ग्रीन पळून जाऊन लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी प्रसिद्ध. १९४६ मध्ये स्थापन झालेला इथला क्लब सीमेवरचा, म्हणून बराच काळ इंग्लंडच्या स्थानिक लीगमध्येच खेळला. २००२ मध्ये एअरड्रिओनियन्स हा जुना क्लब कर्जात बुडून बंद पडला आणि स्कॉटिश लीगमध्ये एक जागा रिकामी झाली. ती ग्रेटनाला मिळाली. एका बुडालेल्या क्लबाच्या खुर्चीत बसून या संघाचा प्रवास सुरू झाला.

पैसा होता ब्रुक्स माइलसन यांचा. संडरलंडचा माणूस, बांधकाम आणि विमा व्यवसायात पैसा कमावलेला. लहानपणी पाठीचा कणा मोडला होता, तरी पुढे तो धावपटू झाला. घराभोवती अनाथ जनावरं सांभाळायचा, छोट्या क्लबांना आणि पाठीराख्यांच्या संघटनांना हात सैल सोडून मदत करायचा. ग्रेटनामध्ये त्याने पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू आणले. २००४-०५ मध्ये संघाने ३६ सामन्यांत १३० गोल केले आणि तळाची श्रेणी जिंकली. पुढच्या वर्षी त्यावरची, त्यापुढच्या वर्षी आणखी वरची. २००६ मध्ये हॅम्पडन पार्कवर हार्ट्स या क्लबाशी १-१ बरोबरी करून ग्रेटना पेनल्टीवर हरला. तिसऱ्या श्रेणीतला क्लब त्या अंतिम सामन्यापर्यंत प्रथमच पोहोचला होता, आणि त्या जोरावर तो युरोपातल्या क्लबांच्या युएफा चषकातही खेळला. एप्रिल २००७ मध्ये रॉस काउंटीविरुद्ध जेम्स ग्रेडीने सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणांत गोल केला आणि सर्वोच्च लीगचं दार उघडलं. त्या गावच्या माणसांचा आनंद खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

पण गावातलं रेडेल पार्क मैदान त्या लीगच्या अटींत बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने मदरवेलला. गावच तीन हजारांचं, त्यातले किती जण दर पंधरवड्याला शंभर किलोमीटर जाणार? तिकिटांचा पैसा आधीच तुटपुंजा होता, तो आणखी आटला. पगारांचा आकडा मात्र वरच्या श्रेणीचा झाला. मधली सगळी दरी एकच माणूस भरत होता. २००८ च्या सुरुवातीला तो गंभीर आजारी पडला आणि पैसा थांबला. मार्चमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला, दहा गुण कापले गेले, हंगाम पूर्ण व्हावा म्हणून लीगलाच पदरमोड करावी लागली. शेवटच्या सामन्यात ग्रेटनाने हार्ट्सलाच १-० हरवलं. उन्हाळ्यात क्लब लीगमधून बाहेर पडून विसर्जित झाला. नोव्हेंबरमध्ये माइलसनही गेले.

हे इतकं सोपं कसं झालं, याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले क्लब मर्यादित कंपन्या होऊ लागले, तेव्हा तिथल्या फुटबॉल असोसिएशनने अट घातली होती: भागधारकांना लाभांश मर्यादितच मिळेल, संचालकांना पगार नाही, आणि क्लब गुंडाळला तर उरलेली मालमत्ता खेळासाठी किंवा स्थानिक धर्मादाय कामासाठी जाईल. क्लब ही गावाची ठेव आहे, मालक तिचा राखणदार, असा त्यामागचा विचार. गावचा खाटीक, दारू गाळणारा, गिरणीमालक संचालक व्हायचे ते प्रतिष्ठेसाठी. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली. १९८३ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने आपल्या वर एक वेगळी कंपनी काढून तिचे समभाग बाजारात आणले, आणि जुन्या अटीला वळसा घालण्याची वाट सगळ्यांना दिसली. त्याच वर्षी लीग सामन्यांच्या तिकिटांचा पैसा पाहुण्या संघाबरोबर वाटून घेण्याची पद्धतही बंद झाली. १९९२ मध्ये सर्वोच्च श्रेणीची प्रीमियर लीग वेगळी निघाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या वर राहू लागला.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. वरची पायरी आणि खालची पायरी यांतलं अंतर जितकं वाढतं, तितका एक मोठा डाव खेळून वर उडी मारण्याचा मोह वाढतो. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, अनेक हंगामांत सगळ्या क्लबांचे मिळून पगार त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होते. शंभर रुपये येतात आणि पगारालाच शंभराच्या वर लागतात. वीज, प्रवास, मैदानाची देखभाल यांचा तर हिशेबच नाही. उरलेलं मालक घालतो, बहुधा क्लबाच्या नावावर कर्ज म्हणून. म्हणजे मालक गेला तरी कर्ज मागे राहतं.

मालकाचा मुख्य धंदा डगमगला की क्लबही डगमगतो. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरमध्ये डॉक्टर मार्टेन्स बुटांच्या कारखान्याचे मालक मॅक्स ग्रिग्ज यांनी १९९२ मध्ये दोन छोटे क्लब एकत्र करून रश्डेन अँड डायमंड्स उभा केला. नेने पार्क नावाचं देखणं मैदान बांधलं. २००१ मध्ये संघ फुटबॉल लीगमध्ये आला, २००३ मध्ये त्याने चौथी श्रेणी जिंकली. पण त्याच सुमारास बुटांचं उत्पादन चीनला हलवावं लागलं. २००५ मध्ये ग्रिग्ज यांनी क्लब पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे सोपवला. यातही त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या खर्चाचा संसार पाठीराख्यांच्या वर्गणीवर चालणार कसा? पुढच्याच वर्षी संघ लीगबाहेर पडला, २०११ मध्ये खालच्या लीगनेही त्याला काढलं. नेने पार्क आता जमीनदोस्त झालं आहे.

इंग्लंडमधल्याच डार्लिंग्टनमध्ये जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी चौथ्या श्रेणीतल्या क्लबासाठी २५ हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं. ते २००३ च्या उन्हाळ्यात उघडलं आणि डिसेंबरमध्ये क्लब दिवाळखोरीत गेला.

मग इंग्लंडमधल्याच बरी गावचा संघ. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप (इंग्लंडचा चषक) विजेता. एका मालकाने ऐपतीबाहेरचे पगार दिले, त्याचा बांधकाम धंदा अडचणीत आला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याने क्लब अवघ्या एका पौंडाला स्टीव्ह डेल यांना विकला. पैसा असल्याचा समाधानकारक पुरावा लीगच्या हाती येण्याआधीच ताबा बदलला होता. पगार थकलेले असताना खेळाडूंनी त्या हंगामात संघाला वरच्या श्रेणीत नेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. २७ ऑगस्ट २०१९ ला क्लब लीगमधून हाकलला गेला, एकशे पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वानंतर. मालकांची पात्रता तपासण्याचा नियम २००४ पासून होता, पण तो बघायचा गुन्हे आणि जुनी दिवाळखोरी. पुढच्या तीन वर्षांचा खर्च कुठून येणार, हे विचारायचा नाही. बरीच्या धक्क्यानंतर पाठीराख्यांच्या बाजूने पाहणी झाली, तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, आणि जुलै २०२५ मध्ये कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला.

आपल्याकडे महिंद्र युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २०१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, पण पुढे काही वर्षांत तोही मिटला. पण पुण्याचा याहून थेट धागा इंग्लंडमध्ये आहे.

ब्लॅकबर्न हे लँकशरमधलं कापडगिरण्यांचं जुनं शहर. पोलादाचा व्यवसाय विकून धनाढ्य झालेले जॅक वॉकर तिथलेच. १९९१ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीत अडकलेला आपला लाडका क्लब हाती घेतला. १९९२ मध्ये संघ वर गेला, १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकला. उपकारकर्त्या मालकाचं उदाहरण म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात. २००० मध्ये ते वारले. मागे त्यांचा ट्रस्ट उरला, आणि त्याने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाला सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकला. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकून तिथवर उतरलेला हा पहिलाच क्लब. पाठीराख्यांचा राग मी समजू शकतो, पण मालकांनी हात आखडता घेतला असं मात्र म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षं तोटा तेच भरत आले, एकूण २० कोटी पौंडांहून अधिक.

मग २०२३ मध्ये पैशाची वाटच अडली. भारतात अंमलबजावणी संचालनालयाची (ईडी) चौकशी सुरू होती, त्यामुळे क्लबाला रक्कम पाठवायची तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि सोबत हमी लागू लागली. लँकशरमधले पाठीराखे दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखांवर लक्ष ठेवू लागले. त्याच हंगामात, १ फेब्रुवारी २०२४ ला, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि क्लबाच्या अकादमीत वाढलेला एकोणीस वर्षांचा खेळाडू ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेस क्लबाला विकला गेला.