रिंकू सिंह मूळचा क्रिकेटपटू नव्हताच

‘क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज अमेरिकेत जाऊन बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, झाला,’ असं रिंकू सिंहबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला हा मुलगा भालाफेकपटू होता. (कोलकात्याकडून खेळणारा फलंदाज रिंकू सिंह वेगळा.) 2008 मध्ये एका टीव्ही स्पर्धेत त्याने ताशी सुमारे 140 किलोमीटर वेगाने चेंडू फेकला आणि ती जिंकली. मग पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. दिनेशही भालाफेकपटूच!

दोघे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पायरीवर, खेळले, हाही गैरसमज. 2009 पासून ते खेळले ते मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर. पण बेसबॉलचा गंधही नसताना वर्षभरात व्यावसायिक सामन्यात उतरणं मला थक्क करतं.