डेटा डीमध्ये आहे: हार्डडिस्क आणि बॅकअपची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात कम्प्युटर दुरुस्तीला आणणारा माणूस बहुतेक वेळा आधीच सांगून टाकतो, "डेटा डीमध्ये आहे." म्हणजे फाइली हार्डडिस्कच्या 'डी' नावाच्या भागात सुरक्षित आहेत, काळजी नाही, खुशाल फॉरमॅट मारा. विदर्भाच्या ग्रामीण भागात कम्प्युटर आला तेव्हापासून ही समजूत त्याच्यासोबत आहे. लग्नाचे फोटो, ग्रामपंचायतीचे नमुने, कृषी केंद्राची उधारीची खाती एका झटक्यात जातात तेव्हा त्यामागे डिस्कचा दोष असतोच. पण नुकसान एवढं मोठं होतं ते या समजुतीमुळे.

हार्डडिस्कचा जुना इतिहास थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. १९५६ साली आलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून साधारण ५ एमबी माहिती मावायची. १९८० मध्ये तेवढीच क्षमता सव्वापाच इंची डिस्कमध्ये आली. पुढे क्षमता लाखो पटींनी वाढली, रचना मात्र तीच राहिली. तबकडी गरगर फिरते आणि काही नॅनोमीटर अंतरावरून माहिती वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर तरंगत जातं. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो.

आपल्याकडे कम्प्युटर खऱ्या अर्थाने पोचला तो २००० नंतर. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एमएससीआयटीचे वर्ग सुरू झाले, फोटो स्टुडिओवाल्यांनी रोल सोडून डिजिटल कॅमेरे घेतले, तहसीलजवळ झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं लागली. यातली बहुतेक मशीन जोडून घेतलेली असायची. त्यातली हार्डडिस्क ४० किंवा ८० जीबीची, आणि जोडणाऱ्याने तिचे हटकून दोन-तीन भाग पाडलेले. सी, डी, ई.

हे भाग पाडण्याला एकेकाळी ठोस कारण होतं. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांना ३२ एमबीपेक्षा मोठा भाग हाताळता येत नव्हता. पुढे डिस्कवर फाइली मांडण्याच्या फॅट१६ पद्धतीत ही मर्यादा २ जीबी झाली. १९९६ मध्ये फॅट३२ येईपर्यंत मोठी डिस्क तोडूनच वापरावी लागे. ही मर्यादा गेली, सवय मात्र उरली, कारण तोवर तिला दुसरं कारण मिळालं होतं. विंडोजची कॉपी बहुधा चोरीची, अँटिव्हायरस मुदत संपलेला आणि पेनड्राइव्ह या दुकानातून त्या दुकानात फिरणारे. वर्षातून एक-दोनदा विंडोज बसायचंच. सी पुसायचा, विंडोज नव्याने टाकायचं, डीला हात लावायचा नाही. तासाभरात मशीन चालू. या कामापुरता डी ड्राइव्ह उत्तम होता, हे मान्य केलं पाहिजे. ज्या दुकानदारांनी ही पद्धत रुजवली त्यांनी हजारो लोकांच्या फाइली वाचवल्या.

गोंधळ पुढे झाला. फॉरमॅट मारण्याआधी डेस्कटॉपवरच्या फाइली डीमध्ये हलवण्याला दुकानात "बॅकअप घेतला" म्हणू लागले. बिलावरही तसंच लिहिलं जाई. गिऱ्हाइकाच्या मनात बसलं की डीमध्ये टाकलं म्हणजे बॅकअप झाला. मग लोकांनी शिस्तीने, महिन्याच्या महिन्याला, सीमधून डीमध्ये कॉपी करायला सुरुवात केली. फोल्डरला नावही "बॅकअप" दिलं. पण सी आणि डी या एकाच डिस्कवरच्या खुणा आहेत. सी बाहेरच्या कडेकडे, डी आतल्या बाजूला. फिरवणारी मोटर एक, हेड धरणारा दांडा एक, सर्किट बोर्ड एक. मोटर जॅम झाली किंवा हेड तबकडीवर घासलं की दोन्ही एकदमच जातात. विंडोजच्या आजारावरचं औषध डिस्कच्या मरणावर लागू पडेल, असं आपण वीस वर्षं धरून चाललो. यात गिऱ्हाइकाचा दोष मला कमी दिसतो. दुरुस्ती करणाऱ्यांना आणि वर्गात शिकवणाऱ्यांना हा फरक माहीत होता. तो सांगायला हवा होता.

आणि डिस्क मरण्याची कारणं इथे जास्तच होती. पहिलं कारण वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असायचं. ठरलेल्या वेळी लाइन जाणं त्यातल्या त्यात बरं, यूपीएसवर दहा मिनिटांत काम आवरता यायचं. वाईट होतं ते ये-जा करणं. लाइन गेली, आली, दोन मिनिटांत पुन्हा गेली. शेतातले पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं. दुकानातला कूलर लावला तरी कम्प्युटर रिस्टार्ट होई, कारण तीच वायर, तोच बोर्ड. यूपीएसची बॅटरी दीड-दोन वर्षांत उतरलेली, तिच्यावर मशीन मिनिटभरही टिकत नसे.

वीज अचानक गेली की डिस्कमध्ये दोन गोष्टी होतात. तबकडी स्वतःच्या उरलेल्या फिरण्यातून जी ऊर्जा देते, तिच्यावर हेड घाईने बाजूला घेतलं जातं. हे आणीबाणीचं मागे घेणं नेहमीच्या बंद करण्यापेक्षा कठोर असतं, आणि डिस्क ते मोजक्याच वेळा सोसेल असं धरून बनवलेली असते. दुसरं म्हणजे लिहायला घेतलेली माहिती डिस्कच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात असते, ती तबकडीवर उतरण्याआधीच पुसली जाते. लाइन आल्यावर चेकडिस्कचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणीचा पडदा दिसतो, टक्केवारी पुढे सरकते आणि शेवटी फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये नाव हरवलेले तुकडे सापडतात. कृषी केंद्रवाला विचारतो, यातली माझी खरिपाची उधारी कोणती? फाइल सिस्टिम दुरुस्त झालेली असते, पण हिशेबाची फाइल उघडत नाही.

दुसरं कारण धूळ आणि ऊन. कापसाच्या पट्ट्यात, जिनिंगच्या जवळपासच्या दुकानांत, हंगाम संपता संपता सीपीयूचं झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या जाळीत रुईचा गादीसारखा थर निघतो. बाहेर ४५-४६ अंश, वर टिनाचं छत, आत हवा खेळत नाही. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात ती दूर राहत नाही. उन्हाने डिस्क खराब होते का, यावर मात्र वाद आहे. २००७ मध्ये एका मोठ्या इंटरनेट कंपनीने आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. फार जास्त तापमान आणि जुनी डिस्क असेल तिथेच तो दिसला. "गरमीने काही होत नाही" असं सांगणारे हाच अभ्यास पुढे करतात. पण त्या डिस्क वातानुकूलित डेटा सेंटरमध्ये होत्या. तिथला अपवाद हा आपल्याकडचा नेहमीचा उन्हाळा आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही उमटली नव्हती. टक-टक आवाज आला की कॉपी करू, असं म्हणून थांबणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं.

कंपन्या डेटाशीटवर बिघाड होईपर्यंतच्या सरासरी वेळेचा १० लाख तासांचा आकडा छापत. वर्षांत मोजला तर तो ११४ होतो. एवढी वर्षं एक डिस्क चालेल असा त्याचा अर्थ नाही. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण नऊ जातील, असा तो सरासरीचा हिशेब आहे. त्याच २००७ साली एका विद्यापीठाच्या अभ्यासात प्रत्यक्ष वापरातलं वर्षाचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं, एके ठिकाणी तर १३ टक्के.

२०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले. किमती जवळपास दुपटीवर गेल्या आणि त्याच सुमारास अनेक मॉडेलची वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांवरून कमी करण्यात आली. महागाईत सेकंडहँड डिस्कला भाव आला. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधून काढलेल्या, रात्रंदिवस चालून थकलेल्या डिस्क पुसून पुन्हा विकल्या गेल्या. नेमक्या त्याच वर्षी राज्यभर संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक कक्ष सुरू होत होते. नमुना ८ आणि नमुना ९ ची, म्हणजे करआकारणी आणि कर मागणीच्या नोंदवह्यांची माहिती भरायला घेतली, लाइन मिळेल तेव्हा, कधी रात्री बसून. ऑनलाइन जाईपर्यंत ती त्या एका मशीनवर असायची.

स्टुडिओवाल्यांनी डीव्हीडीचा मार्ग धरला होता. ४.७ जीबीच्या चकत्या, मार्करने लिहिलेली नवरा-नवरीची नावं, भिंतीतल्या कपाटात उभ्या रचलेल्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि उष्णतेने, उजेडाने तो उतरतो. दहा वर्षांनी त्यातल्या बऱ्याच चकत्या ड्राइव्हने ओळखल्या नाहीत. मग एक्स्टर्नल हार्डडिस्क आली आणि जागा पुरेना म्हणून जुन्या लग्नांचे फोटो मशीनवरून काढून फक्त तिच्यावर ठेवायची पद्धत पडली. प्रत पुन्हा एकच राहिली.

सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त ४जी आलं आणि फोटो फोनमधून आपोआप इंटरनेटवर, गूगल फोटोजमध्ये चढू लागले. अमर्याद फुकट जागेची सोय १ जून २०२१ ला बंद झाली. त्यानंतर १५ जीबी भरल्यावर कित्येकांचे फोटो चढायचे थांबले आणि हे त्यांना फोन पाण्यात पडल्यावर कळलं. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवरून डिलीट केलं की वरूनही जातं. मे २०१७ मधल्या खंडणीखोर व्हायरसच्या लाटेने आणखी एक गोष्ट दाखवली. कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही मशीनसोबत कुलूपबंद होते. छायाचित्रकारांच्या जगातून आलेला नियम यावरच बोट ठेवतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे दुसरी जागा म्हणजे भावाचं शहरातलं घर असलं तरी चालतं.

आता नव्या मशीनमध्ये तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी एसएसडी असते. फिरणारं काही नाही, त्यामुळे टक-टकही नाही. ती जाते तेव्हा बहुधा गुपचूप जाते, मशीन सुरू होतानाच्या बायोसमध्ये दिसायचीच बंद होते. जुन्या डिस्कमधून डिलीट झालेल्या फाइली सॉफ्टवेअर लावून काढता येत. एसएसडी मोकळी झालेली जागा ट्रिम आज्ञेने स्वतःच साफ करते, म्हणून ती आशाही बहुतेक वेळा संपते. अशी डिस्क घेऊन लोक नागपूरला रिकव्हरीवाल्याकडे जातात आणि बरेच जण तशीच परत आणतात. या मशीनमध्येही दुकानदार डी ड्राइव्ह पाडूनच देतो.